दाजींची बांगडी-परीक्षा

परवा दादरला मिक्सर घ्यायला गेले होते. दुकानातला मुलगा मोठा हौशी. पात्यांचा वेग सांगितला, रंग दाखवले, वॉरंटी सांगितली. मी मिक्सर उचलला, उलटा केला आणि विचारलं, "ह्याचा कार्बन बदलायचा झाला तर कुठून उघडायचं?"

"आजी, तुम्हाला कशाला उघडायचंय? कंपनीचा माणूस घरी येतो."

"आणि त्या दिवशी हरताळ असला तर?"

सूनबाई कानाशी कुजबुजली, "आई, चला ना, लोक बघतायत." मी मिक्सर घेतला नाही. माझ्या हातून अशा किती वस्तू घ्यायच्या राहून गेल्या ते विचारू नका. सगळा दोष दाजींचा आहे.

दाजी म्हणजे आमच्या कंपनीचे फिटर. संयुक्त महाराष्ट्राची धामधूम चालू होती तेव्हाची गोष्ट. मी मॅट्रिक होऊन टायपिंग शिकले होते आणि शेतीची यंत्रं परदेशातून आणून विकणाऱ्या एका कंपनीत चिकटले होते. ऑफिस गिरगावात, आमच्या चाळीपासून चार पावलांवर. यंत्रं मात्र परळला, एका गिरणीच्या भिंतीमागे पत्र्याच्या आवारात ठेवलेली असत. यंत्राबरोबर येणारी इंग्रजी पुस्तकं मराठीत उतरवायचं काम माझ्या गळ्यात पडलं आणि मालक आबासाहेब म्हणाले, "बाई, यंत्र बघितल्याशिवाय भाषांतर कसं करणार? तुम्ही परळलाच बसा." झालं! घरी आईने कपाळावर हात मारला. पोरगी इंग्रजी शिकली आणि डिझेलच्या वासात जाऊन बसली.

पहिल्या दिवशी गेले तर एका यंत्राखालून दोन पाय बाहेर आलेले. पाय बोलले, "कोण तां?"

"मी नवीन टायपिस्ट. पुस्तकांचं भाषांतर करायला."

पाय आत गेले आणि दुसऱ्या बाजूने डोकं बाहेर आलं. पन्नाशीचा गृहस्थ, काटकुळा, खाकी अर्धी चड्डी, डोक्यावर काळी टोपी आणि कानावर बिडीच्या जागी खडूचा तुकडा. "काय गो बाय," ते म्हणाले, "मशीन बंद पडलां तर काय करूचां, तां ह्या पुस्तकात कितव्या पानार आसा?"

मी पानं उलटली. "अगदी शेवटी आहे."

"मग शेवटपासून वाच."

त्या दिवसापासून मी जगातली सगळी पुस्तकं शेवटून वाचते. रहस्यकथासुद्धा. नवऱ्याचा त्यावर फार राग असे.

दाजी मूळचे कुडाळकडचे, राहायला लालबागला. भाषा अर्धी गावची, अर्धी लालबागची, आणि सबंध बोलण्यात एक वाक्य वीस वेळा यायचं: "हात जाता काय?" कुठलंही यंत्र आलं की लोक त्याची ताकद विचारत, किती एकर नांगरेल ते विचारत. दाजी ते काही विचारायचे नाहीत. बाहीबिही वर करून ते यंत्राभोवती एक प्रदक्षिणा घालायचे आणि म्हणायचे, "चालता तर सगळांच. बंद पडल्यार हात जाता काय, तां बघ." तेल सोडायचा बोल्ट बसल्या बसल्या सापडतो का, की त्यासाठी सबंध धूड आडवं करावं लागतं? डिझेलची जाळी नुसत्या बोटांनी निघते का? सगळं उघडायला पाने किती लागतात? तीन पान्यांत उघडलं तर दाजी खूश. अकरा लागले तर म्हणायचे, "ह्यां मशीन नाय, पाने विकणाऱ्याचो जावई आसा."

हा प्रश्न यंत्रापुरता राहिला असता तरी चाललं असतं. त्यांच्या चाळीतल्या भजनी मंडळाला पेटी घ्यायची होती. सगळे म्हणाले, दाजी जाणकार, त्यांना घेऊन जाऊ. दुकानदाराने तीन पेट्या वाजवून दाखवल्या. काय गोड आवाज! दाजींनी खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि तिन्ही पेट्या खोलून आत हात घातला. दुकानदार रडकुंडीला आला. शेवटी जी आणली तिचा आवाज ऐकून चाळीतली मांजरं जिन्यावर गोळा व्हायची. पण दोन स्क्रू काढले की सगळी उघडी! "सूर काय, येतीत हळूहळू," दाजी म्हणाले. आणि खरंच, एका गुरुवारी ऐन भजनात पट्टी अडकली. बुवांनी ओळ घोळवायला घेतली, दाजींनी पेटी उघडली, पट्टी सोडवली, झाकण लावलं, आणि बुवा समेवर येईपर्यंत पेटी सुरू झाली होती. मंडळाने टाळ्या नेमक्या कोणासाठी वाजवल्या हे बुवांना शेवटपर्यंत कळलं नाही.

मोर्च्यांना तर दाजी खिशात पाना घेऊनच जायचे. एकदा परळ नाक्यावर मोर्चा अडकला, कारण पुढचा लाउडस्पीकरचा ट्रक बंद पडला. वर वक्ते ताटकळलेले, खाली हजारभर माणूस घोषणा देतंय. दाजी गर्दीतून वाट काढत गेले, बॉनेट उघडलं आणि आत शिरले. मी आणि ऑफिसातल्या दोघीजणी फुटपाथवर उभ्या होतो. गर्दीतून कोणी ओरडलं, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र..." आणि सगळे, "झालाच पाहिजे!" बॉनेटमधून आवाज आला, "अरे मेल्यांनो, पयलो हो नट सैल..." गर्दी लयीत होतीच. हजार तोंडांनी गर्जना केली, "झालाच पाहिजे!" आणि झाला की हो! ट्रक धडधडला. दाजी तोंडाला काजळी फासून बाहेर आले आणि वक्त्यांकडे बघून म्हणाले, "आता करा भाषण. पण फुडच्या खेपेक ट्रक बघून आणा. आत हातच जाणा नाय." हसून हसून माझ्या पोटात कळा आल्या.

त्या दिवसांत हरताळ वारंवार व्हायचे. दुकानं बंद, सगळं बंद. दाजी हरताळ अगदी कडक पाळायचे, आणि त्यातूनच त्यांनी यंत्राची दुसरी परीक्षा काढली होती. हरताळाच्या दिवशी यंत्र बंद पडलं, बाजारात एक खिळा मिळत नाही, तर घरात असेल तेवढ्यावर ते चालू होतं का? "खेड्यात बाय, बाराय म्हयने हरताळच," ते म्हणायचे. "थंय खंयचां दुकान आणि खंयचो फिटर?"

आता बांगड्यांचं सांगते.

आमच्याकडे डिझेलचे छोटे बागट्रॅक्टर यायचे. माणसाने मागून दांडे धरून चालायचं, पुढे इंजिन, खाली नांगर. वाडीवाले लोक, म्हणजे केळी, पानवेल, भाजीपाला लावणारे, ते बघायला येत. दाजींनी एक दिवस माझा उजवा हात निरखून बघितला. हातात चार काचेच्या बांगड्या. म्हणाले, "बाय, ह्या झाकणाखाली हात घाल आणि जाळी काढून दी बघू."

"मी?"

"तूच. माझो हात खंयय जाता. माझ्या हाताचां काय घेऊन बसलंस? वाडयेर कोण असता? बाप्ये बाजारात माल घेऊन जातत. मशीन बंद पडला तर म्होरं कोण? बायको. तिच्या हातात बांगड्यो असतत. त्या हाताक मशीन उघडलां, तर तां मशीन."

मी हात घातला. जाळी काढली. चारातल्या दोन गेल्या. दाजींनी भिंतीवर खडूने लिहिलं: दोन फुटल्या, नापास. मग माझ्या हाताकडे बघून खंतावून म्हणाले, "पण चार म्हणजे पेपर सोपो होता गो. तुझां लगीन झाल्याबिगर खरी परीक्षा होवची नाय."

आईबापांनंतर माझ्या लग्नाची एवढी घाई फक्त दाजींना होती! कोणी बघून गेलं की दुसऱ्या दिवशी विचारायचे, "काय झालां? चुडो कधी?"

झालं एकदाचं लग्न. शिवाजी पार्कजवळ सासर मिळालं. आठवड्याने हिरव्यागार चुड्याने भरलेले हात घेऊन परळला गेले तर दाजींनी अक्षरशः टोपी काढली. सकाळभरात तीन यंत्रं तपासली. संध्याकाळी घरी गेले तेव्हा उजव्या हातात चार उरल्या होत्या.

सासूबाई एरवी शांत. त्यांनी माझा हात धरला, बांगड्या मोजल्या, आणि विचारलं, "ऑफिसात नक्की काय करतेस गं तू?"

मी खरं ते सांगितलं. त्यांचा विश्वास बसला नाही. नवी सून, एका दिवसात एवढ्या बांगड्या कमी, कोणाचा बसेल? दुसऱ्या दिवशी त्या नऊवारी नेसून, छत्री घेऊन, माझ्याबरोबर परळच्या आवारात हजर. मला वाटलं, संपली नोकरी. दाजींनी त्यांना स्टूल दिलं, चहा मागवला आणि भिंतीवरचा खडूचा हिशोब दाखवला.

"फुटल्या?" सासूबाई कडाडल्या. "सवाष्णीच्या हाताला फुटल्या म्हणतात? वाढल्या म्हणा!"

"चुकलां, बाई." दाजींनी लगेच ओल्या फडक्याने भिंत पुसली आणि नव्याने लिहिलं: वाढल्या.

मग सासूबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. बायकोचा हात, बारा महिने हरताळ, सगळं. आमच्या शिवणयंत्राचा बॉबिन काढताना त्यांचा स्वतःचा अंगठा कितीदा चेचला होता तेही त्यांनी दाजींना सांगितलं. तासभर दोघं बोलत होते, माझ्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला हिंदमात्याच्या बाजूच्या कासाराकडून आणलेली एक डझन हिरव्या काचेच्या बांगड्यांची पुडी दिली, जरा सैल मापाच्या. "ह्या त्यांच्या पेटीत ठेवायला सांग. परीक्षेच्या वेगळ्या, सुनेच्या वेगळ्या." तेव्हापासून वर्तमानपत्रात गुंडाळलेली ती पुडी दाजींच्या हत्यारांच्या पेटीत, पान्यांच्या शेजारी राहिली. वाढल्या की दाजी लालबागहून तशाच आणून डझन पुरा करत.

त्याच सुमारास बोटीने आठ नवे ट्रॅक्टर आले. तांबडे, चकचकीत, इंजिनावर एकसंध गुळगुळीत पत्र्याचं झाकण, वर सोनेरी पट्टा. बघत राहावं असे. दाजींनी त्यांना नाव दिलं, नवरदेव. त्यांच्याबरोबर नमुना म्हणून दुसऱ्या कुठल्याशा कंपनीचा एकच काळा ट्रॅक्टर आला होता. त्याला झाकणच नव्हतं. तेलाचा बोल्ट पुढे, जाळी बाजूला, सगळी आतडी बाहेर. तो बोडका. नवरदेव हँडलच्या अर्ध्या फेऱ्यात सुरू व्हायचे. बोडका चार फेरे घ्यायचा, खोकायचा, मग सुरू व्हायचा.

परीक्षा झाली. नवरदेव: बारांतल्या सात वाढल्या, पाने अकरा. बोडका: शून्य वाढल्या, पाने तीन, इंजिनाचा पट्टा पिठाच्या गिरणीचाही चालतो.

दाजी आबासाहेबांकडे गेले. "सायब, ह्या नवरदेवांच्या झाकणाक बाजून एक खिडकी पाडूया. हात जायत."

"परदेशी रंग आहे तो, दाजी! त्याला कात्री लावू?"

आणि मग ती मोठी ऑर्डर आली. पालघरकडच्या वाडीवाल्यांची सोसायटी, पंधरा ट्रॅक्टर घेणार, आठ लगेच आणि सात पुढच्या बोटीने, दोन दिवसांनी बघायला येणार. आबासाहेब माणूस वाईट नव्हता, पण घाबरट आणि तापट. त्यांनी आम्हा दोघांना समोर उभं केलं. "दाजी, त्या दिवशी तुम्ही तोंड उघडायचं नाही. एक शब्द बोललात तर दुसऱ्या दिवसापासून येऊ नका. आणि बाई, तुम्ही केबिनमध्ये बसायचं. तुमचे दोन्ही हात मला टाइपरायटरवर दिसले पाहिजेत."

मी घाबरले. दाजींना तीन मुलं, वय पन्नाशीपुढे, आणि गिरणगावात तरुण फिटर रिकामे फिरत होते. ही नोकरी गेली तर दुसरी कोण देणार? जेवायच्या सुट्टीत मी त्यांना हात जोडले. "दाजी, एक दिवस गप्प बसा ना! पंधरा ट्रॅक्टर जातील आणि विषय संपेल. तुमचं काय जातं?"

दाजी पहिल्यांदाच हसले नाहीत. डबा बाजूला ठेवला.

"माझी धाकटी भयण आसा गावाक. शेवंता. मिरची, वांगी लावता. घोव, म्हणजे न्हवरो, बोटीर कामाक, चार-चार दीस घराक येणा नाय. तिका पाण्याचां इंजिन मियाच पसंत करून धाडलंलंय. हिरवागार, झाकणाचां, ह्या नवरदेवासारख्यां. हात घालून बघितलंलंय मी. गेलो हात. पण तो माझो हात, बाय. मोकळो, तेलकट, तीस वर्सां मशिनात गेल्लो." ते थांबले. "भर उन्हाळ्यात बंद पडलां. मिरची करपाक लागली. तिना झाकणाखाली हात घातल्यान. बांगड्यो आत फुटल्यो. वाढल्यो. मनगट कापलां. शीर गेली. दोन बोटां वाकनत नाय आता. उजव्या हाताची."

मी हातातल्या बांगड्या मनगटावरून मागे सारल्या.

"एका शब्दान बोल्ली नाय माका. मी गेल्यार एवढांच इचारल्यान, 'दादा, तू हात घालून बघितलंलस मा?' चौथी शिकलेली ती. चाळीत माका दर म्हयन्याक कार्ड लिवी. आता घोव लिवता." त्यांनी डबा परत पुढे ओढला. "जेव गो. भात थंड होता."

मी डबा तसाच बंद केला. दुपारभर टाइप केलेलं सगळं चुकलं.

सोसायटीचे लोक आले. अध्यक्ष राऊत, धोतर-कोट, हसतमुख, आणि त्यांच्यामागे राऊतकाकू, लुगड्याचा पदर खोचलेला, दोन्ही हात बांगड्यांनी गच्च भरलेले. आबासाहेबांचा चेहरा तिथेच उतरला. बाई येणार हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं! मी केबिनच्या खिडकीतून, दोन्ही हात टाइपरायटरवर ठेवून, बघत होते. आणि दाजी? दाजींनी शब्द पाळायचा म्हणून तोंडात भलंमोठं पान कोंबलं होतं. दोन्ही गाल फुगलेले.

नवरदेव अर्ध्या फेऱ्यात सुरू झाला, आवारातली मातीची पट्टी झोकात नांगरून आला. राऊत खूश. झाकणावरून हात फिरवत म्हणाले, "वा! काय तकाकी आहे!"

"बंद पडला की?" काकूंनी विचारलं.

"पडत नाही, बाई!" आबासाहेब म्हणाले.

"आमचं पंपाचं इंजिनपण पडत नाही म्हणूनच घेतलं होतं. तुम्ही फिटर ना हो? तुम्ही सांगा."

दाजींनी फुगलेल्या गालांनी हात जोडले.

"मुका आहे का?"

"हो," आबासाहेब घाईघाईने म्हणाले. "जन्मापासून."

मी टाइपरायटरवर डोकं टेकलं. पन्नास अक्षरं एकदम उमटली असतील.

दाजींनी मान डोलावली. मग शांतपणे हत्यारांची पेटी आणून काकूंच्या पायाशी ठेवली, झाकण उघडलं, आणि एक पाना त्यांच्या हातात दिला. तोंड उघडलं नाही. नवरदेवाच्या झाकणाकडे नुसतं बोट केलं. काकू हुशार बाई. खाली बसल्या, बोल्ट सोडला, हात आत घातला. मनगटापाशी अडकला. काचेचा आवाज आला. आबासाहेबांनी डोळे मिटले. काकूंनी हात हळूच बाहेर काढला, तीन वाढल्या होत्या. मग त्या बोडक्याकडे वळल्या. त्याच पान्याने बोल्ट काढला, बोटांनी जाळी काढली, फुंकर मारली, परत बसवली. एकसुद्धा वाढली नाही.

"हा घ्या," काकू नवऱ्याला म्हणाल्या.

"अगं, पण रंग बघ त्याचा!"

"रंगाला काय वाडीत नांगरू?"

आबासाहेबांनी शेवटचा घाव घातला. "बाई, एक अडचण आहे. ह्याचा पट्टा तुटला तर परदेशातून मागवावा लागतो. सहा महिने लागतात."

काकूंचा हात पान्यावरच थांबला. राऊतांनी पुन्हा तांबड्याकडे बघितलं. दाजी उभे होते. अजून शब्द मोडलेला नव्हता. नुसतं गप्प राहायचं होतं, दोन मिनिटं. मी मनात म्हणत होते, राहा हो, राहा गप्प! आणि दुसरं मन म्हणत होतं, बोला!

दाजी चालत गटारापाशी गेले. पान थुंकले. नळावर चूळ भरली, टोपीने तोंड पुसलं, आणि परत येऊन काकूंसमोर उभे राहिले.

"खोटां ता. पट्टो पिठाच्या गिरणीचो चालता. खंयच्याय नाक्यार गावता. हात गेलो ना, बाय? मग घे."

"अगं बाई!" काकू किंचाळल्या. "बोलला!"

राऊत हसायला लागले, काकू हसायला लागल्या, मी केबिनमध्ये हसता हसता रडायला लागले. आबासाहेब तेवढे लाल, अगदी नवरदेवाच्या रंगाचे. काळेच त्या कंपनीकडून मागवू म्हणत लोक ऑर्डर न देता गेल्यावर ते दाजींवर ओरडले, "उद्यापासून यायचं नाही! आणि जाताना तो काळा डबापण घेऊन जा! मला डोळ्यांसमोर नको!"

"लिवन देतास?" दाजींनी विचारलं.

रागाच्या भरात आबासाहेबांनी मला 'काळा ट्रॅक्टर दाजींना दिला' असं टाइप करायला लावलं आणि सही ठोकली. दुसऱ्या दिवशी पस्तावले, पण शब्दाला पक्के. सही त्यांचीच होती.

त्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी परळला गेले तर दाजींच्या कोपऱ्यात पेटी नव्हती, खुंटीवर टोपी नव्हती. आठ नवरदेव ओळीने उभे होते, आणि प्रत्येकाच्या झाकणावर उजव्या बाजूला खडूने एक नेमका चौकोन आखलेला होता. मोजून, सारखा. त्याच्याखाली अक्षरं: हय काप. हात जायत.

आबासाहेब त्या चौकोनांवरून एकेक करत बोट फिरवत गेले. मग त्यांनी पत्रेवाल्याला बोलावलं. तीन महिन्यांत आठही नवरदेव खिडकीसकट विकले गेले. कॅटलॉगात त्यांनी मला एक ओळ घालायला सांगितली: घरच्या बाईच्या हातानेही सहज दुरुस्त होणारा. ती मी टाइप केली आणि त्यांच्यासमोरच डोळे पुसले. त्यांनी चहा मागवला.

पावसाळा सरून बोटी सुरू झाल्या तेव्हा दाजी गावी निघाले, कायमचे. बायकामुलं आधीच गेली होती. मी आणि सासूबाई भाऊच्या धक्क्यावर गेलो. बोडका दोरखंडाने बांधून हवेत लोंबत होता आणि दाजी खालून यारीवाल्याला शिव्या घालत होते. "अरे मेल्या, हळू! तेचो बोल्ट फुडे आसा!" आम्हाला बघितल्यावर त्यांचा चेहरा उजळला. हत्यारांची पेटी उघडून दाखवली. पान्यांच्या शेजारी ती वर्तमानपत्राची पुडी.

"पुऱ्या बारा आसत, बाई," ते सासूबाईंना म्हणाले. "शेवंताच्या उजव्या हातात घालूच्यो. त्या दिवसापासून उजवो हात मोकळोच ठेवता ती. दोन बोटां वाकनत नाय, तो हात गेलो तर जगात कोणाचोय जायत. ही शेवटची परीक्षा."

सासूबाईंनी पदर डोळ्याला लावला आणि त्यांना खडसावलं, "जपून घाला हो. कासाराकडून घाला. तुम्ही ओढाताण कराल."

भोंगा झाला. बोटीच्या कठड्याला धरून काळी टोपी उभी राहिली, हलली, आणि मग वाकली, बहुतेक बोडक्याचं काहीतरी बघायला. ते शेवटचं दर्शन.

दीड महिन्याने एक कार्ड आलं, सासूबाईंच्या नावाने. अक्षर मोठं, वाकडंतिकडं, ओळी खाली घसरलेल्या. सासूबाईंनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं.

"बाईंस सप्रेम नमस्कार. मशीन बंद पडलं होतं. मी जाळी काढून साफ केली, चालू झालं. बारा आत गेल्या, बारा बाहेर आल्या. मी दादाला म्हटलं, कार्ड ह्यांना लिहायला सांगते. दादा म्हणाला, नको, तूच लिही, त्याच हातानं. शेवंता."